गेम शिकायला साडेसहा लाख भरू का?

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वडिलांनी लिहिलं आहे. ते एसटीत वाहक आहेत, निवृत्तीला नऊ वर्षं उरलीत. मुलगी एकोणीस वर्षांची. लहानपणापासून चित्रं काढते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, सध्या उपयोजित कलेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हे शिक्षण अर्ध्यावर सोडून पुण्यातल्या एका खासगी संस्थेत ‘गेम डिझाइन’चा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा आहे. फी साडेसहा लाख, राहणं-जेवण वेगळं. संस्था ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणते, आणि पंधरा तारखेच्या आत पैसे भरले तर पन्नास हजारांची सूट देते. आईचं म्हणणं, पदवी घेऊन कलाशिक्षक हो. मामा म्हणतो, गेम म्हणजे रमी, पोरगी हाताबाहेर जाईल. पतसंस्थेतून कर्ज मिळेल असं दिसतंय. पत्राच्या शेवटी ते लिहितात: “मला यातलं काही कळत नाही. हो म्हणू की नाही म्हणू, तेवढं सांगा.”

नमस्कार दादा,

आधी त्या पंधरा तारखेचं. ती विसरून जा. अशी सूट पुढच्या महिन्यातही असते, फक्त तारीख बदलते. ‘सेलचे शेवटचे तीन दिवस’ ही साडीच्या दुकानावरची पाटी तुम्ही गाडीतून येता-जाता कित्येक वर्षं बघत असाल.

आता हो की नाही. तुम्ही दोन प्रश्नांची एकच गाठ मारली आहे. मुलीने या धंद्यात जावं का, हा एक प्रश्न. या संस्थेला साडेसहा लाख द्यावेत का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर ‘जाऊ द्या, पण आधी हात लावून बघू द्या’ असं आहे. दुसऱ्याला, आज तरी, नाही. मुलगीही बहुतेक हे दोन्ही एकच समजते आहे. तिचा दोष नाही, जाहिराती तशाच लिहिलेल्या असतात.

मामांची शंका लवकर मिटते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, म्हणजे रमीबिमीवर, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, आणि बिनपैशाचे गेम वेगळे काढले. तुमची मुलगी बोलते आहे ते या दुसऱ्या जातीच्या गेमबद्दल. दोन्हींचा संबंध ताडी आणि नीरा इतकाच.

धंदा खरा आहे आणि तुमच्यापासून लांबही नाही. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. ‘इंडस’ हा मोबाइलवरचा गेम काढणारी सुपरगेमिंग पुण्याचीच. बंगळूरूत १९९७ साली ध्रुव इंटरॲक्टिव्ह नावाची कंपनी सुरू झाली, ती २०१९ मध्ये रॉकस्टार या मोठ्या परदेशी गेम कंपनीने घेतली. असे बरेच स्टुडिओ परदेशी गेमसाठी वस्तू बनवून देतात: गाड्या, पिंपं, दरवाजे, झाडं, माणसांचे कपडे. नव्या मुलांना पहिली नोकरी बहुतेक वेळा इथेच लागते. कामात नाव होत नाही, पण हात तयार होतो. गेमच्या कामाची सुरुवात मीही तिथूनच केली. पहिले सात महिने मी फक्त लाकडी खोकी बनवत होते, आणि आईला ते सांगायची लाज वाटायची.

तुम्ही म्हणता यातलं काही कळत नाही. आगार डोळ्यासमोर आणा. चालक, वाहक, मेकॅनिक, वाहतूक नियंत्रक, वेळापत्रक लावणारा, गाडी रंगवणारा, सगळे मिळून गाडी सुटते. गेमचंही तसंच. कुणी प्रोग्रॅम लिहितो, कुणी पात्रं काढतो, कुणी ती हलवतो, कुणी आवाज देतो, कुणी दिवसभर गेम मोडतोय का ते तपासतो. यात ‘गेम डिझायनर’ म्हणजे वेळापत्रक लावणारा. कुठे किती वेळ, कधी अडचण आणायची, कधी सुटका करायची, हे तो ठरवतो. तो चित्रं काढत नाही. काढलीच तर वहीवर चौकोन काढतो.

म्हणजे तुमची मुलगी चित्रांत रमते आणि अर्ज भरते आहे ‘डिझाइन’चा. हे तिला माहीत आहे का? तिला गेमसाठी वस्तू-जागा घडवायच्या आहेत, की नियम रचायचे आहेत? की पडद्यावरची बटणं, पाट्या, अक्षरं मांडायची आहेत? ती तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांना लागणारा नमुनासंग्रह, ज्याला आम्ही पोर्टफोलिओ म्हणतो, तोही वेगळा. बऱ्याच संस्था तिन्हींचं थोडं थोडं शिकवून एकाच नावाखाली विकतात. ही मुलं मुलाखतीला आली की समोरच्याला कळत नाही यांना कुठे बसवायचं.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’बद्दल मला बोलायला हरकत नाही, कारण मी ती घेतली आहे. मी ज्या संस्थेत शिकले तिचं नाव लिहीत नाही. त्यांनी मला नोकरी ‘लावली’ ती एका कार्यालयात लग्नाच्या अल्बमची पानं जुळवायची. कागदोपत्री माझी प्लेसमेंट झाली होती. पावतीवर मात्र ‘प्लेसमेंटसाठी सहाय्य’ एवढंच छापलं होतं, आणि ते मी वाचलं वर्ष संपल्यावर. तुमच्या हातातल्या माहितीपत्रकात काय म्हटलंय ते बघू नका, पावतीवर आणि करारावर काय छापलंय ते मागून घ्या.

त्या संस्थेत जायचंच तर एकदा मुलीला घेऊन स्वतः जा आणि हे विचारा. शिकवणाऱ्याचं नाव कुठल्या बाजारात आलेल्या गेमच्या श्रेयनामावलीत आहे का? मागच्या तुकडीतल्या सगळ्या मुलांचं काम दाखवा, भिंतीवरच्या चौघांचं नको. दोन वर्षांत मुलं गट करून एखादा गेम पूर्ण करतात का, आणि तो आत्ता इथे खेळायला मिळेल का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? फी हप्त्याने भरायची तर कर्ज नेमकं कोण देतंय? काही ठिकाणी संस्था एखाद्या वित्त कंपनीशी जोडून देते. मग मुलीने तिसऱ्या महिन्यात सोडलं तरी हप्ता संस्थेचा नसून कंपनीचा असतो आणि तो चालू राहतो. या प्रश्नांनी समोरचा माणूस वैतागला, तर उत्तर मिळालं असं समजा.

मग नोकरी देणारे बघतात तरी काय? मी चार वर्षं नव्या मुलांच्या निवडीला बसले आहे. प्रमाणपत्र आम्ही शेवटी बघायचो, तेही मनुष्यबळ विभागाला लागतं म्हणून. आधी उघडायचो मुलाच्या कामाचं पान. आणि तिथे नव्वद टक्के वेळा काय असतं? एक तलवार, एक ड्रॅगन, एक रोबो. सगळ्यांनी एकाच यूट्यूब धड्यावरून बनवलेले.

एकदा एका मुलीने तांब्याचा बंब पाठवला होता. न्हाणीघरातला, तुमच्याकडेही असेल. मी तो पडद्यावर फिरवून फिरवून बघितला. खाली जाळीपाशी राखेचा करडा थर. जाळाच्या बाजूचं तांबं काळपट-जांभळं, वर जाता जाता लालसर. तोटी पितळेची, आणि तिचा कान जिथे रोज बोटं लागतात तिथेच चकचकीत. पोटाला एक पोचा, कधीतरी जिन्यावरून पडला असणार असा. धुराड्याचं झाकण किंचित तिरकं. हे सगळं तिने कमीत कमी त्रिकोणांत बसवलं होतं. पडद्यावरची प्रत्येक वस्तू छोट्या त्रिकोणांची असते, आणि ते जितके जास्त तितका गेम जड. बारीक ओरखडे तिने आकारात कोरले नव्हते, वरच्या रंगाच्या कातडीत भरले होते. सोबत तिने वस्तूचा नुसता सांगाडाही दाखवला होता, बांधणी नीट आहे हे कळावं म्हणून. आम्ही तिला त्याच आठवड्यात बोलावलं. ती कुठे शिकली होती हे मला आज आठवत नाही.

बंब बनवायला लागणारं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. रंगवायला क्रिटा, तेही फुकट. गेम बांधायला गोडो नावाचं इंजिन आहे, ते पूर्ण मोफत आणि साध्या संगणकावरही चालतं. युनिटी आणि अनरियल ही मोठी इंजिनंही शिकायला पैसे घेत नाहीत, तुमची कमाई बरीच झाली की मगच मागतात. शिकवणारे धडे यूट्यूबवर हिंदीतही ढीगभर आहेत. खर्च करायचाच तर तो संगणकावर करा. सोळा जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, हवं तर वापरलेला पण ओळखीच्या माणसाकडून तपासून घेतलेला. साडेसहा लाखांच्या आठव्या-दहाव्या हिश्शात काम होईल. पतसंस्थेचं कर्ज काढायचं तर एवढंच काढा.

आता तुमची मदत. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिला या बाबतीत काही देऊ शकत नाही. मला हे पटत नाही. पत्र वाचताना मला पहिलं सुचलं ते हे, की या मुलीच्या घरात एक आख्खा गेम युनिफॉर्म घालून वावरतोय.

विचार करा. गाडी खचाखच भरलेली. पुढचा थांबा चार किलोमीटरवर, तिथे तिकीट तपासणी असू शकते. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, पण आधार कार्ड बघायचं. आजोबा म्हणतात कार्ड घरी राहिलं. पाचशेची नोट पुढे येते आणि तुमच्या बॅगेत सुट्टे चाळीस रुपये. मागून कुणी ओरडतंय, फाट्यावर थांबवा. एक बेल थांब, दोन बेल चल. खेळणाऱ्याने थांबा यायच्या आत सगळी तिकिटं द्यायची. यात नियम आहेत, घाई आहे, चूक झाली तर शिक्षा आहे, आणि माणसं आहेत. गेमला आणखी लागतं काय? तलवार-ड्रॅगनवाल्या दोनशे अर्जांत असा एक गेम आला असता तर मी जेवण थांबवून तो खेळले असते.

तो पाच मिनिटांचाच असू दे, एकाच फेरीचा. पण पुरा झालेला. नवी मुलं इथेच आपटतात. ती थेट मोठ्या जगाचा, शंभर पातळ्यांचा गेम आरंभतात आणि आठव्या महिन्यात फोल्डर बंद करतात. आधी चौकटीच्या वहीवर गाडीचा नकाशा काढायचा, सोंगट्यांचे प्रवासी करायचे आणि तुम्ही दोघांनी जेवणाच्या ताटाशेजारी खेळायचं. कंटाळा कुठे येतो ते तिथेच कळतं, फुकटात.

प्रोग्रॅम लिहिता येत नाही म्हणून ती अडली, तर कॉलेजजवळ संगणकशास्त्राची मुलं असतील, त्यांच्यातला एक गाठायचा. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल गेम जॅम असतो, २००९ पासून जगभर एकाच वेळी होतो. साधारण ४८ तासांत अनोळखी माणसांसोबत एक छोटा गेम करायचा. दोन दिवस झोप होत नाही, गेम बहुधा भंगार होतो, आणि चार माणसं ओळखीची होतात. पहिली नोकरी त्या चारांपैकी एकाच्या फोनवरून लागते, हे मी फार वेळा बघितलं आहे. नोव्हेंबरात गेम बनवणाऱ्यांची मोठी परिषद भरते, आयजीडीसी. तिथे जायची घाई नको, आधी हातात दाखवायला काहीतरी असू दे. झालेला गेम इच डॉट आयओ या संकेतस्थळावर फुकट ठेवता येतो. गूगल प्लेवर एकदाच पंचवीस डॉलर, संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीमवर प्रत्येक गेमला शंभर डॉलर. पहिल्या गेमला इच पुरे.

एक गोष्ट तिला मुद्दाम सांगा, कारण ती उपयोजित कलेची आहे आणि तिने अक्षरलेखन शिकलं असणार. गेममध्ये मराठी नीट दिसणं अजून भाग्याची गोष्ट आहे. थांब्याची पाटी ‘स्वारगेट’ लिहायला जावं तर स चा पाय मोडून व बाजूला पडतो. ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते आणि वाचणाऱ्याला ठेच लागते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून ही जोडाक्षरं नीट पडतात, काही इंजिनांत आजही कसरत करावी लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेने मुक्ता, बलूसारखे देवनागरी फाँट सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. देवनागरीची मांडणी कळणारी आणि ती गेमच्या पडद्यावर बसवता येणारी माणसं मला तरी फार भेटलेली नाहीत. नुसतं देखणं चित्र काढणाऱ्यांच्या रांगेपेक्षा ही रांग बरीच लहान आहे.

त्या लांब रांगेबद्दल खरं सांगायला हवं. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरातल्या गेम कंपन्यांनी वीस हजारांहून जास्त माणसं कमी केली. बाहेर काम गेलं की आपल्याकडचे परदेशी कामावर जगणारे स्टुडिओही भरती आखडतात. त्यात चित्रं काढणारी एआय आली. सुरुवातीची कल्पनाचित्रं काढायला पूर्वी जिथे नवी मुलं घ्यायचे, तिथे आता हात आखडतात. पहिला पगार तुमच्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी असू शकतो, आणि गेम बाजारात यायच्या आधीचे महिने रात्री-अपरात्री घरी येण्याचे. रात्रपाळीचं तुम्हाला मी काय सांगू.

म्हणून पदवी सोडू नका. पदवीमुळे नोकरी मिळते असं नाही, पण दारं उघडी राहतात. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूरू केंद्रात पदवीनंतर डिजिटल गेम डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षेने. मुंबई आयआयटीचा आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे, त्याला सीईईडी ही परीक्षा. मुंबईतच २०२५ मध्ये आयआयसीटी ही ॲनिमेशन, गेम अशा कामांची नवी संस्था सुरू झाली आहे. अजून बाळ आहे, पण लक्ष ठेवा. तिथेही फी आहेच, पण बँकेचं शैक्षणिक कर्ज अशा ठिकाणी सहज उभं राहतं. आणि आईंचा मार्गही पदवीने बंद होत नाही. फक्त त्यांनाही एक विचारा: तुमच्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत कलाशिक्षकाच्या किती जागा भरल्या गेल्या? शाळांची नावं घेऊन बोटांवर मोजा. ती नोकरी सुरक्षित आणि ही धोक्याची, असं आपण धरून चाललो आहोत. मोजल्याशिवाय धरू नका.

मुलगी तुम्हाला बहुधा ‘राजी’चं उदाहरण देईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला तो गेम २०२० मध्ये आला, जगभर खेळला गेला, मोठ्या पुरस्काराच्या पदार्पण गटात नामांकन मिळालं. सुंदर आहे, आपल्या लघुचित्रांचा आणि छायाबाहुल्यांचा बाज त्यात उतरलाय. ती हेही सांगेल की लोकवर्गणीची मोहीम फसल्यावर संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. खरं आहे. पण फ्लॅट विकणारा माणूस आधी कित्येक वर्षं याच धंद्यात मुरलेला होता. त्याने स्वतःचा विकला, वडिलांचा नाही.

हे वाचणाऱ्या इतर मुलांनाही दोन शब्द, कारण अशी पत्रं महिन्याला चार-पाच येतात. बीकॉम करणारे, तबला वाजवणारे, कथा लिहिणारे विचारतात, आमचं काय? आवाज देणारे, संवाद लिहिणारे, चुका शोधणारे, वेळापत्रक सांभाळणारे सगळे लागतात. चुका शोधायचं काम, म्हणजे टेस्टिंग, हे आत शिरायचं दार म्हणून वाईट नाही, फक्त दोन वर्षांत पुढच्या खोलीत जायचं ठरवून शिरा. आणि ‘मी दिवसाला सहा तास खेळतो’ हे अर्जात लिहू नका. रोज एसटीने जाणारा माणूस त्यामुळे चालक होत नाही.

तर दादा, तिला सहा महिने द्या. कॉलेज चालू ठेवून, घरच्या संगणकावर. एक वस्तू आणि एक फेरीचा एक गेम, दोन्ही पुरे झालेले. ते झालं तर पुढच्या शिक्षणाला पैसे घालताना तुमचा हात थरथरणार नाही. झालं नाही, किंवा दोन महिन्यांत तिचा जीव त्यातून उडाला, तर तुमचे साडेसहा लाख वाचले आणि घरात एक चांगला संगणक आला. तिला ही अट म्हणून सांगू नका. रागावेल, मीही रागावले असते. त्याऐवजी येत्या सुट्टीच्या दिवशी तिच्याशेजारी बसा आणि सकाळच्या पहिल्या फेरीत कोण कुठे चढतं ते तिला लिहून द्या. सुट्टे नसले की तुम्ही तिकिटामागे बाकी लिहून देता ना? कोण ती मागायला विसरतं, कोण उतरताना आठवणीने हात पुढे करतं, आणि कोण दुसऱ्या दिवशी तेच तिकीट घेऊन येतं, तेही सांगा. ते गेममध्ये कसं बसवायचं हे ती बघेल.